जुन्या होडीचे घराणे

खुलताबादेसारख्या डोंगरावरच्या गावी शिडाच्या होड्यांविषयी बोलावयाचे, हे प्रथमदर्शनी थोडे विपरीत वाटेल. समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. म्हैसमाळच्या माथ्यावर उभे राहिले तरी दिसतात ते डोंगर आणि शेते. लाट दिसत नाही की शीड दिसत नाही. मग या गावच्या श्रोत्यांस शर्यतीच्या जुन्या होड्यांशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केला तर तो अगदी वाजवी आहे.

त्याचे उत्तर आम्ही असे देऊ, की होडी जरी आपल्या परिचयाची नसली, तरी जुनी वस्तू पाहून तिचे घराणे ओळखणे ही विद्या आपल्या चांगली परिचयाची आहे. वेरूळ आपल्या शेजारी. तेथील चौतीस लेण्यांतून हिंडताना बौद्ध लेणे कोणते, ब्राह्मणी कोणते आणि जैन कोणते, हे जाणता मनुष्य पाटी न वाचता सांगतो. तो खांब पाहतो, दालनाची मांडणी पाहतो, गाभाऱ्यात कोण बसले आहे ते पाहतो. होडीची परीक्षा याहून निराळी नाही. फरक इतकाच, की लेणे जागचे हलत नाही, आणि होडी मात्र देशोदेशी फिरते, हात बदलते, नाव बदलते, डोलकाठी बदलते, आणि शेवटी कोठल्या तरी धक्क्यामागे किंवा पत्र्याच्या छपराखाली उपडी पडते. त्या वेळी ती कोणाची, कोणत्या आराखड्याची, कोणत्या काळची, हे सांगणारा भेटला नाही तर तिचे सरपण होते. म्हणून ही ओळख पटवणे हा केवळ हौशी लोकांचा खेळ नव्हे.

आमच्या मते जुन्या होडीपाशी तीन साक्षीदार असतात. पहिला तिचा घाट, म्हणजे अंगाची ठेवण. दुसरा तिचा माल, म्हणजे ती ज्या सामानाची घडली ते सामान. तिसरा तिच्या अंगावरच्या खुणा: आकडे, चिन्हे, पट्ट्या, कागदपत्र. घाट घराणे सांगतो, माल वय सांगतो आणि खुणा नाव सांगतात. तिघांचे एकमत झाले तर निकाल पक्का. मतभेद झाला तर कोणाचे किती ऐकावे, हाच या विद्येतला कळीचा मुद्दा होय.

घाट : पहिला साक्षीदार

वेरूळच्या दहाव्या लेण्यात ज्यांनी मान वर करून पाहिले असेल, त्यांना होडीचा घाट समजावून सांगणे सोपे आहे. त्या लेण्याच्या कमानदार छताला दगडी फासळ्या कोरल्या आहेत. लाकडी इमारतीतील तुळयांची ती हुबेहूब नक्कल आहे, आणि म्हणूनच लोक त्यास सुताराची झोपडी म्हणत आले. हे छत मनातल्या मनात उलटे करावे, म्हणजे लाकडी होडीचा सांगाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. मध्ये लांबच लांब कणा, त्यातून दोन्ही बाजूंस निघालेल्या फासळ्या, आणि फासळ्यांवर बसवलेल्या फळ्या. या सांगाड्याचे वळण म्हणजेच होडीचा घाट.

घाट पाहताना चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली, लांबी व रुंदी यांचे प्रमाण. दुसरी, मागचे टोक: ते फळीने सपाट बंद केले आहे, की पुढच्या नाळेसारखेच निमुळते आहे? तिसरी, कणा: तो पुढून मागेपर्यंत सलग लांब आहे, की मध्येच खाली उतरलेल्या आखूड पंखासारखा आहे, की मुळीच नसून त्याच्या जागी वर-खाली सरकणारा पाटा आहे? चौथी, बुडाचे वळण: फासळ्या वाटोळ्या आहेत, की बुडाला धारदार कोपरे आहेत?

प्रत्येक गोष्टीस कारण असते. अरुंद होडी पाणी कमी ढकलते, म्हणून हलक्या वाऱ्यातही धावते. परंतु तिच्यात बिऱ्हाड मांडता येत नाही. रुंद होडी सावकाश चालते. पण सामान घेते आणि सहज कलंडत नाही. लांब सलग कण्याची होडी वळायला जड, पण एकदा दिशा धरली की सोडत नाही. आखूड कण्याची होडी चपळ. तिचे सुकाणू मात्र क्षणभरही सोडता येत नाही. निमुळत्या मागच्या टोकाने पाठीमागून येणारी लाट दुभंगते. सपाट टोकाने होडीच्या पोटात जागा वाढते आणि वेगात पाण्यावर तरंगत घसरणे सोपे जाते. कोपऱ्याचे बूड असले, तर ती होडी सपाट फळ्यांतून किंवा प्लायवूडमधून, घरच्या घरी बांधता यावी अशा हेतूने आखली असण्याचा संभव अधिक.

डोलकाठ्या आणि शिडे ही घाटाचीच पुढची ओळ. शीड चौकोनी असून वरच्या कडेला तिरपे लाकूड असेल तर पद्धत जुनी. शीड उंच त्रिकोणी असेल तर तिला बर्म्युडा पद्धत म्हणतात, आणि शर्यतीच्या होड्यांत विसाव्या शतकात तीच रूढ झाली. डोलकाठ्या दोन असून मागची लहान, आणि ती सुकाणूच्या खांबाच्या पुढे असेल तर त्या होडीस केच म्हणतात. तीच लहान काठी सुकाणूच्या मागे गेली की नाव यॉल होते. मात्र शिडांवर फार विसंबू नये. अंग तेच ठेवून शिडे बदलणे हे पोशाख बदलण्यासारखे आहे.

माल : दुसरा साक्षीदार

मालाची साक्ष वयासाठी घ्यावी. फळीवर फळी कौलासारखी चढवली आहे, की फळीस फळी भिडवून सांध्यात कापूस ठोकला आहे? खिळे तांब्याचे की लोखंडाचे? पाण्यास दाद न देणाऱ्या सरसाने चिकटवलेले प्लायवूड होड्यांत सर्रास आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची अंगे रूढ झाली ती १९५० नंतरच्या काळात. सुती शिडांची जागा कृत्रिम धाग्याच्या शिडांनी घेतली आणि लाकडी डोलकाठ्यांच्या जागी अॅल्युमिनियमच्या आल्या, त्याही साधारणपणे त्याच काळात.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि ती खुलताबादकरांना सांगण्याचीही गरज नाही. आपल्या गावात औरंगजेबाची कबर आहे. तो वारला १७०७ साली. परंतु कबरीभोवतीची संगमरवरी जाळी बसली ती दोनशे वर्षांनी, निजामाच्या राजवटीत. जाळीवरून कबरीचे वय ठरवणारा मनुष्य दोन शतकांनी फसेल. होडीचे तसेच आहे. अॅल्युमिनियमची काठी पाहून होडी १९६० नंतरची असे म्हणू नये; काठी नंतरची, एवढेच म्हणावे. प्रत्येक तुकडा आपल्यापुरती साक्ष देतो. सर्वांत जुनी साक्ष शोधावयाची ती कण्यापाशी, कारण कणा बदलणे म्हणजे होडीच नवी बांधणे.

उलट, माल बदलूनही घाट टिकतो. दहाव्या लेण्यात लाकडाचा घाट दगडात उतरला. होड्यांमध्येही लाकडासाठी काढलेला आराखडा पुढे फायबरग्लासमध्ये ओतला जातो. म्हणून मालावरून घराणे ठरवू नये आणि घाटावरून वय ठरवू नये.

खुणा : तिसरा साक्षीदार

शर्यतीच्या होड्यांत खुणांना विशेष महत्त्व आले, त्याचे कारण शर्यतीच्या स्वरूपात आहे. दोन वेगवेगळ्या होड्या धावल्या आणि एक जिंकली, तर श्रेय खलाशाचे की होडीचे? हा वाद मिटवण्यासाठी एकाच आराखड्याच्या, एकाच मापाच्या होड्यांची शर्यत लावण्याची पद्धत निघाली. अशा प्रत्येक घराण्यास आपले चिन्ह असते आणि ते शिडावर लावतात. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेल्या एंटरप्राइज होडीची निळी शिडे दुरूनच ओळखू येतात. त्यांच्याच १४ फुटी जीपी होडीच्या शिडावर घंटा असते. पीटर मिल्न यांनी १९६२ साली काढलेल्या फायरबॉल होडीवर तांबडा गोळा असतो. याच फायरबॉल प्रकारात, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील मुंबईस झालेल्या शर्यतींत, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले.

परंतु शीड हे कापड आहे. जुन्या होडीवर दुसऱ्याच होडीचे शीड चढवलेले आढळते. म्हणून अंगात कोरलेला आकडा, बांधणाऱ्याची पितळी पट्टी, मोजणीचा दाखला यांना अधिक वजन द्यावे. आणि रंगवलेल्या नावास सर्वांत कमी. नाव रंगवायला एक सकाळ पुरते.

तीन साक्षीदारांची ओळख झाली. आता एक खरा खटला चालवून पाहू. त्यासाठी आम्ही निवडलेली होडी मुंबईत बांधलेली आहे, आणि जगातील सर्वांत विख्यात सागरी शर्यतींपैकी एक तिने जिंकलेली आहे. तिचे नाव सुहैली.

सुहैलीचा खटला

१९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ पत्राने एक शर्यत जाहीर केली. एकट्याने, कोठल्याही बंदरास न लागता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. नऊ जण निघाले. पूर्ण करून परतला तो एकच : रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातील फालमथ बंदरातून तो निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. ३१२ दिवस तो समुद्रावर होता. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य ठरला.

नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा अधिकारी. नोकरीमुळे मुंबईशी त्याचा संबंध आला, आणि स्वतःची होडी मुंबईतच, सागवानात बांधून घ्यावी असे त्याच्या मनाने घेतले. कुलाब्याच्या कारखान्यात ती बांधली गेली आणि १९६४ साली पाण्यात उतरली. बांधणारे सुतार आपल्याकडचे. वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता यांसारख्या हत्यारांनी त्यांनी ती घडवली. सुहैली हे इराणी आखातातील एका वाऱ्याचे अरबी नाव.

आता समजा, ही होडी नाव पुसलेल्या स्थितीत आपल्यापुढे आली. तिचे घराणे काय म्हणावे?

घाटापासून आरंभ करू. लांबी ३२ फुटांहून थोडी अधिक, रुंदी ११ फुटांहून थोडी अधिक. म्हणजे लांबी रुंदीच्या तिप्पटही पुरती नाही. तुलनेसाठी योहान आंकर यांची १९२९ सालची ड्रॅगन ही शर्यतीची होडी घेऊ. ती सुमारे ८.९ मीटर लांब आणि जेमतेम २ मीटर रुंद, म्हणजे साडेचार पट लांब. तेव्हा सुहैली जन्माने शर्यतीची होडी नव्हे, हे पहिल्याच मोजणीत उघड होते. तिचे मागचे टोक निमुळते आहे, सुकाणू बाहेरून टांगलेले आहे, कणा लांब व सलग आहे. डोलकाठ्या दोन, मागची लहान आणि सुकाणूच्या पुढे. म्हणजे ती केच. शिडे त्रिकोणी.

मालाची साक्ष : सागवान. भिडवून बसवलेल्या फळ्या. यावरून ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर घडली असावी असा तर्क करता येईल; परंतु आराखडाही येथलाच, असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या मचव्याची किंवा फत्तेमारीची नाळ पुढे झेपावलेली असते आणि शीड तिरप्या परभाणावर ताणलेले असते. सुहैलीत त्यातले काहीच नाही. माल येथला आणि घाट परका, असा हा मामला आहे.

मग घाट कोठला? रुंद अंग, दोन्ही टोके निमुळती, बाहेरचे सुकाणू, लांब कणा या चार गोष्टी एकत्र आल्या की जाणत्याचे बोट नॉर्वेकडे वळते. तेथे कॉलिन आर्चर नावाचा नौकाशिल्पी होऊन गेला. ज्या ‘फ्राम’ जहाजातून नान्सेन उत्तर ध्रुवाच्या बर्फात शिरला, ते त्यानेच बांधले. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवण्यासाठी कोणत्याही हवेत बाहेर पडणारी होडी हवी होती. ती आर्चरने आखली आणि त्या मालिकेतील पहिली १८९३ साली पाण्यात उतरली. इतर होड्या ज्या वेळी बंदराकडे पळतात, त्या वेळी या होडीने समुद्राकडे निघावयाचे. ते काम ध्यानात घेतले की तिचा प्रत्येक अवयव समजतो. मागची लाट दुभंगावी म्हणून निमुळते टोक. थकलेल्या खलाशाने सुकाणू सोडले तरी दिशा टिकावी म्हणून लांब कणा. सोडवलेल्या माणसांस जागा व्हावी म्हणून रुंद पोट.

आर्चरची अशी एक होडी ४७ फुटांची. अमेरिकेतील विल्यम अॅटकिन या आराखडाकाराने १९२० च्या दशकात तिचा घाट ३२ फुटांवर आणला आणि त्या आराखड्यास ‘एरिक’ हे नाव दिले. हे काम दिसते तितके सोपे नाही. लांबी दोन-तृतीयांश केली तर वजन दोन-तृतीयांश होत नाही. लांबी, रुंदी, खोली तिन्ही घटतात, म्हणून वजन एक-तृतीयांशाच्याही खाली जाते. खलाशी मात्र तेवढाच उंच राहतो आणि त्याचे अन्नपाणी तेवढेच लागते. म्हणून नुसता नकाशा लहान करून चालत नाही. प्रमाणे नव्याने जुळवावी लागतात. अॅटकिनने जी जुळवली, ती त्याची स्वतःची. आणि सुहैलीच्या अंगात सापडतात ती हीच. नॉक्स-जॉन्स्टनने इंग्लंडहून नकाशे मागवले तेव्हा हाती आले ते या ‘एरिक’चे, आणि त्यांवरूनच मुंबईच्या सुतारांनी कणा बसवला.

निकाल असा लागतो : घराणे नॉर्वेचे, आराखडा अमेरिकेचा, सागवान आणि हात हिंदुस्थानचे. तीन साक्षीदारांनी तीन देश सांगितले, आणि तिघेही खरे बोलले.

चालीवरून पटलेली ओळख

घाट खरा असेल तर तो चालीत उतरलाच पाहिजे. प्रदक्षिणा सुमारे ३०,००० सागरी मैलांची. ३१२ दिवसांनी भागले असता दिवसाला शंभराच्या आत मैल येतात, म्हणजे ताशी सुमारे ४ सागरी मैल. किलोमीटरमध्ये सांगावयाचे तर ताशी साडेसात. भद्रा मारुतीच्या दर्शनास पायी येणारा तरणाबांड भक्त जरा पळू लागला तर एवढा वेग गाठील. पण तो रात्री विसावतो. सुहैली दहा महिने विसावली नाही.

अशा होडीस याहून फार वेग मिळणारही नव्हता. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीची वेगमर्यादा पाण्याच्या रेषेवर तिची जी लांबी भरते तीवरून ठरते. त्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की साधारण मर्यादा सागरी मैलांत मिळते. २८ फुटांस ती सातच्या आसपास येते. त्यापुढे होडी आपणच उठवलेल्या लाटेत अडकते. प्रवासात स्वयंचलित सुकाणू मोडले, तेव्हाही शिडांचा तोल साधून नॉक्स-जॉन्स्टनला ती सरळ चालवता आली. नॉर्वेच्या कोळ्यांसाठी आखलेला लांब कणा अशा रीतीने त्याच्या कामी आला. कण्याजवळच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा त्याने समुद्रात उतरून सांध्यात कापूस ठोकला आणि वर तांब्याची पट्टी बसवली. लाकडी होडी माणसाच्या हाताने जोडलेली असते, म्हणून ती माणसाच्या हाताने समुद्रातही दुरुस्त होते.

त्याच शर्यतीत बेर्नार मॉइतेसिए या फ्रेंच खलाशाची ‘जोशुआ’ होती. तीही केच, तीही दोन्ही टोकांस निमुळती. दुरून घेतलेल्या छायाचित्रात नवखा मनुष्य दोघींत गफलत करील. पण जोशुआ सुमारे १२ मीटर लांब आणि पोलादी. तिच्या अंगावर फळ्यांचे सांधेच नाहीत. घाटाने गोंधळ केला तेथे मालाने निवाडा केला. उलट, १९७० च्या दशकात अमेरिकेत फायबरग्लासच्या ज्या ‘वेस्टसेल ३२’ होड्या शेकड्यांनी निघाल्या, त्यांत मालाचा काही संबंध नाही. तरी अॅटकिनचाच घाट त्यांत उतरलेला आहे. तेथे घाटानेच नाते सांगावयाचे.

ओळख पटवण्याचे मोल

हे सर्व जाणून लाभ काय? एक लाभ अगदी रोकडा आहे. १९६८ च्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी, २०१८ साली, तीच शर्यत पुन्हा लावण्यात आली. नियम असा, की होडी ३२ ते ३६ फुटांची, लांब सलग कण्याची आणि १९८८ पूर्वीच्या आराखड्याची असावी. सुहैलीच्या हुबेहूब प्रतिकृतीसही मुभा होती. म्हणजे आराखड्याची ओळख हीच शर्यतीत उतरण्याची परवानगी ठरली. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी या शर्यतीत उतरले ते सुहैलीच्याच घाटाच्या ‘थुरिया’ या होडीतून. ती २०१७ साली गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. ज्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती याच कारखान्यातली.

सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात थुरियाच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. यावरून घाट वाईट होता असा निष्कर्ष कोणी काढू नये. तशा समुद्रात चांगला घाटही हरतो. परंतु होडीच्या अंगात काय सोसण्याची शक्ती आहे हे ओळखून मगच तिला पाण्यात न्यावयाचे, हा धडा त्यातून घ्यावा. जुन्या होडीचे घराणे चुकीचे ठरवले, तिच्यावर दुसऱ्याच घराण्याची उंच काठी आणि मोठे शीड चढवले, तर किनाऱ्यावर ती सुंदर दिसेल. वारा सुटला की कलंडेल, आणि आत माणसे असतील. टॉमी पुढे २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ साली दुसऱ्या क्रमांकाने परतले, तेही जुन्या आराखड्याच्या लांब कण्याच्या होडीतूनच.

दुसरा लाभ सांभाळण्याचा. सुहैली काही काळ ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात छपराखाली ठेवली होती. मान मोठा होता. पण कोरड्या हवेने सागवानी फळ्या आकसू लागल्या, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने तिला बाहेर काढले आणि डागडुजी करून पुन्हा पाण्यात सोडले. भिडवलेल्या फळ्यांची होडी ओली राहिली तरच फुगून घट्ट राहते; फायबरग्लासची होडी कोरडी ठेवलेलीच बरी. कोणता माल हे ओळखल्यावाचून सांभाळ करू जाणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय.

तिसरा लाभ पैशात मोजता येणार नाही. आराखडाकाराचे नाव कागदावर राहते. वाकस चालवणाऱ्याचे राहत नाही. सुहैलीच्या वंशावळीत आर्चर आणि अॅटकिन यांची नावे आदराने घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु कुलाब्याच्या सुतारांची ओळख होडीच्या अंगातच आहे : सांध्यांत, खिळ्यांत, सागवानाच्या निवडीत. ती वाचणारा नसेल तर ती नाहीशी होते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे, उंच अरुंद शिडांचे, नाळेवर डोळा रंगवलेले एक जहाज आहे. ते रंगवणाराचे नाव आपणांस ठाऊक नाही. पण त्याने शिडे किती, सुकाणूची वल्ही कोठे, घागरी कोठे रचल्या, हे नेमके पाहून रंगवले, म्हणून आज दीड हजार वर्षांनी आपण त्या जहाजाविषयी बोलू शकतो. नेमके पाहून टिपून ठेवणे, एवढ्यानेच ते काम झाले.

तेवढेच काम आपल्यालाही करता येईल. आपली मुले-मुली आज मुंबईस आहेत, पुण्यास आहेत, गोव्यास आहेत. धरणाच्या काठी, बंदरावर, एखाद्या आवारात जुनी शिडाची होडी उपडी पडलेली त्यांच्या दृष्टीस पडेल. त्यांनी मालकाची परवानगी घेऊन एक टेप, एक ओळंबा आणि एक वही एवढेच बरोबर न्यावे. होडी समपातळीत टेकवावी. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणावी. लांबीचे दहा सारखे भाग पाडावेत. आणि प्रत्येक भागी मधल्या दोरीपासून अंगाची रुंदी निरनिराळ्या उंचीवर मोजून लिहावी. गवंड्याच्या घरी असलेल्या साधनांनी हे होते. हा मापांचा तक्ता प्रसिद्ध आराखड्यांच्या तक्त्यांशी ताडून पाहता येतो, आणि निम्म्या दिवसाच्या श्रमात होडीचे घराणे बहुधा हाती लागते. त्यानंतर आकडे, पट्ट्या, खिळे आणि लाकूड टिपून घ्यावे. चार बाजूंनी छायाचित्रे काढावीत. आणि तोपर्यंत एकही फळी काढू नये, रंगाचा एकही हात देऊ नये. होडी पुढे वाचली नाही, तरी तिचा घाट वहीत वाचेल. आणि वहीवरून एखादा सुतार ती पुन्हा बांधू शकेल.